मामाजी, कापसाबद्दल सांगायचं राहिलं

मामाजी,

परवा तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, अंगणातला मांडव काल काढून नेला आणि घर पुन्हा आपल्या मापाचं झालं. या तेरा दिवसांत तुमच्याबद्दलची एक गोष्ट मी सहा-सात वेळा तरी ऐकली. दर वेळी हातात चहाचा ट्रे होता, म्हणून मला खाली बघता आलं.

गोष्ट सुधीर सांगायचा. मुलगा बापाबद्दल जशी सांगतो तशीच, मायेनं. "बाबाचा एक ससा होता, कापूस. बाबानं त्याले रातचं डांगर चारलं अन् तो गेला. सोताच्या मायच्या मरणाले बाबा रडला नाई, पण त्या दिवशी पिंजऱ्यापाशी बसून रडला." ससा आणि खरबूज म्हणून लोक आधी थोडे हसायचे, मग हळहळायचे. कुणीतरी म्हणायचं, "जीव होता बाप्पा त्यायचा जनावरावर."

गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्यापाशी आहे. ती मी तुम्हाला दोन वर्षं सांगितली नाही, आणि आता तुमच्या नावावर एक चूक कायमची चिकटते आहे. ती तुमची नव्हती, निदान एकट्या तुमची नव्हती. म्हणून सुनेनं सासऱ्याला लिहायचा हा कागद उशिरा का होईना, लिहिते आहे. मी हळू लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. वाणसामानाची यादी करताना तुम्ही म्हणायचात, "मॅडम, यादी होय, परीक्षेचा पेपर नोय."

गमतीत असलात की मी 'मॅडम' आणि 'तुमी' असायची. मनापासून काही सांगायचं असलं की 'वंदना' आणि 'तू'.

ससे आले तेव्हा तुम्ही फॅक्टरीतून नुकतेच निवृत्त झाला होता आणि आपण कॉलनी सोडून भद्रावतीतच या घरात आलो होतो. कॉलनीतल्या शेजाऱ्यांची कानपूरला बदली झाली. जाताना ते पिंजरा घेऊन थेट आपल्या दारात उभे राहिले, कारण कॉलनीभर तुम्हीच एकटे त्या सशांशी बोलायचात. आत्याबाई, सुधीरच्या आई, ओट्यावरून म्हणाल्या, "आता म्हातारपणी उंदरंच पोसाचे राह्यले होते."

"उंदीर नोय, ससे होत. कान पाह्य न."

"कानावून काय होते? घाण तं करनच न?"

"करन. मी काढीन."

आणि तुम्ही काढलीत. पांढऱ्याचं नाव कापूस आणि भुरीचं सरकी, हेही तुम्हीच ठरवलंत. कापसाचं ऑपरेशन आधीच्या मालकांनी करून घेतलं होतं, नाहीतर वर्षभरात आपल्याला वरचा मजला बांधावा लागला असता, हा तुमचा ठरलेला विनोद. अहेरीहून तुमचा पुतण्या दिनेश आला, तो वनखात्यात. पिंजऱ्यापुढे उकिडवा बसून म्हणाला, "काका, हा जंगलातला तं नाई न? जंगलातला असंल तं मले तुमाले धरा लागन." तुम्ही म्हणालात, "धर न. पण जाच्या आंधी यायच्या भांड्यात पानी टाकून जाय." त्यानं खरंच पाणी टाकलं.

मी शाळेत ग्रंथपाल. मला कुठलीही गोष्ट आधी वाचावी लागते. सशांवरची पानं मी शाळेतून छापून आणली आणि तुमच्यापुढे ठेवली. चष्मा लावून तुम्ही ती सगळी वाचलीत, मग म्हणालात, "बरोबर लिवलं आहे. पण लिवनाऱ्यानं चांदा जिल्ह्यातला मे महिना पाह्यला नाई."

तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो शेवटपर्यंत चालला. कागदावर होतं, खोली थंड ठेवा. आपल्याकडे दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. माझं म्हणणं, पिंजरा कूलरपुढे ठेवू. तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही उत्तरेकडच्या पडवीत पिंजरा नेलात, एकाच बाजूला ओलं पोतं टांगलंत, आणि जुन्या छपराची कवेलू रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी त्याच बाजूला आत पालथी मांडलीत. दुसरी बाजू कोरडी आणि उघडी. मी विचारलं, दोन्हीकडे पोतं का नाही?

"वंदना, आपल्याले गरम झालं तं आपन उठून दुसऱ्या खोलीत जातो. थंडी वाजली तं कूलर बंद करतो. त्याले उठून कुठी जाता येते? म्हनून दोन जागा द्याच्या. मंग तो ठरवते." 

मी तासभर पाहत बसले. सरकी कवेलूवर पोट टेकून पसरली, थोड्या वेळानं उठून कोरड्या बाजूला गेली, पुन्हा आली. तुम्ही फक्त माझ्याकडे पाहिलंत.

तुमचा दिनक्रम मला पाठ आहे, कारण पुढे तो माझा झाला. ऊन चढायच्या आधी खालचा ट्रे बाहेर. ओलं तणस लिंबाच्या बुडाशी. ते तणस माझ्या माहेरचं, नागभीडच्या धानाचं, माझा भाऊ दर मोसमात पोतं भरून पाठवतो. ट्रेचा जो कोपरा पांढरा पडतो तिथं सिरका टाकून घासायचं आणि ट्रे उन्हात वाळवायचा. फिनाईल नाही. पाणी मातीच्या जड भांड्यात, कारण हलकं भांडं ते उलथवतात आणि दुपारभर कोरडे बसतात. गवत भरपूर, कोथिंबीर-मेथी धुऊन, फळ म्हणजे बोटाएवढा तुकडा, तोही कधीतरी. गळणारे केस रोज विंचरून काढायचे, म्हणजे चाटून पोटात जात नाहीत. आणि शेवटी ससा उचलून मागची बाजू पाहायची. ओली किंवा घाण असली तर तेवढीच कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडी करायची. अख्ख्या सशाला पाणी लावायचं नाही. फार तापला तर साध्या पाण्याचं ओलं फडकं कानांवरून फिरवायचं. त्याचं सगळं गरम कानांतून जातं, असं तुमचं म्हणणं, आणि माझ्या कागदांतही तेच होतं. त्या एका बाबतीत आपलं एकमत होतं.

अंघोळीचंही एकमतच होतं. तेच सांगायचं आहे.

आपल्या गावात पांढरं काही पांढरं राहत नाही. वाळत घातलेली चादर संध्याकाळी झटकली की बारीक काळी धूळ उडते. खाणी जवळ, कोळशाचे ट्रक रस्त्यानं. सरकी भुरी, तिच्यावर ते दिसायचं नाही. कापूस मात्र उन्हाळ्यात राखेच्या रंगाचा व्हायचा. आत्याबाई म्हणायच्या, "याचं नाव कोळसा ठेवा आता." तुम्ही त्याला मांडीवर घेऊन कोरड्या ब्रशनं अर्धा अर्धा तास विंचरायचात. तरी तो पुरता पांढरा व्हायचा नाही आणि तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. "आतून पांढराच आहे न तो," एवढंच.

मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझी बहीण तिच्या मुलीला घेऊन येणार होती. मी त्या पोरीला फोनवर कितीदा सांगितलं होतं, आमच्याकडे कापसासारखा ससा आहे. त्या दिवशी तुम्ही सकाळच्या बसनं डोळे तपासायला चंद्रपूरला गेलात. आत्याबाई लग्नाला गेल्या होत्या, सुधीर ड्यूटीवर. दहाच्या सुमाराला मी पडवीत गेले आणि कापूस पाहिला. पाठ काळपट, पंजे पिवळे. मला लाज वाटली. सशाची नाही, माझ्या वर्णनाची.

टाकीचं पाणी उकळत्यासारखं होतं, म्हणून मी माठातलं घेतलं. बादलीत ओतलं, सुधीरच्या भाच्यासाठी आणलेला लहान मुलांचा शांपू घेतला आणि कापसाला धुतलं. आधी त्यानं पाय झाडले, माझ्या मनगटावर ओरखडा काढला. मग एकदम ढिला पडला. मला वाटलं, त्याला बरं वाटलं. पाणी काळं निघालं तेव्हा तर मला समाधानच वाटलं. टॉवेलनं पुसलं, पण सशाचे केस आत दाट असतात, ओल निघेना. मग मी त्याला हॉलमध्ये आणून टोपलीत घालून कूलरपुढे ठेवलं. एकच जागा, मामाजी. दुसरी दिली नाही.

पाहुणे आले तेव्हा तो कोरडा आणि पांढराशुभ्र होता. पोर हरखली. "मावशी, हा हलत काऊन नाई?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, झोपला आहे. चारनंतर तो कुशीवर पडला. तुम्ही पाच वाजता आलात, पिशवी दारातच ठेवलीत आणि त्याचे कान धरून पाहिलेत. उन्हानं ससा पडला की कान तापतात, हे तुम्हाला ठाऊक होतं. कापसाचे कान थंड होते. ते तुम्हाला समजेना.

"सकाळी म्या याले डांगर देल्लं," तुम्ही म्हणालात. "जातानी घाईत. रातचं चिरलेलं होतं. आंबलं असंल."

डांगराला आपल्याकडे बोलताना कोणी खरबूज म्हणत नाही, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पुस्तकातला शब्द आला. खरबूज, खरबूज, असंच काहीतरी. सांगायला तोंड उघडलं होतं. बहीण शेजारी उभी होती, पोर रडत होती. मी काहीच बोलले नाही. तुम्ही कापसाला हातात घेऊन पिंजऱ्याशी बसलात. तो गेला तेव्हा दिवे लागायचे होते.

नंतर मी पुन्हा ते कागद काढले. त्यात लिहिलेलंच होतं: धुतल्यानं ससा भीतीनं आणि गारठ्यानं मरू शकतो. खाली रेघ मारलेली होती. रेघ माझ्याच पेन्सिलीची.

कदाचित डांगरानंही गेला असेल. उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेलं फळ सशाच्या पोटाला वाईटच. मला हे आता कधीच कळणार नाही. पण तुमच्यापुढे दोन्ही कारणं यायला हवी होती आणि ठरवायचं तुम्ही होतं. मी एकच येऊ दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पिंजऱ्याला हात लावणं सोडलंत. "आता तूच पाह्य, वंदना. माह्या हाताले यश नाई." तुम्ही पडवीत खुर्ची टाकून बसायचात आणि तिथून सांगायचात. पोतं वाळलं. भांडं तिरपं झालं. कोथिंबिरीत पिवळी पानं आहेत. मी सगळं करत गेले, आणि नीट करत गेले. घरी आलेले लोक म्हणायचे, ससा ठेवावा तर वंदनानं. तुम्ही मान हलवायचात. त्या वेळी मला खोलीत निघून जावंसं वाटायचं.

सरकी एकटी राहिली. ससा एकटा राहू नये हे आपण दोघांनी वाचलेलं. मी दोनदा म्हणाले, दुसरा आणू. दोन्ही वेळा तुमचं उत्तर एकच. "नाई. एक मारला तेवढा पुरे." हा आपला शेवटचा वाद, आणि तो जिंकायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते न बोलता मी तुमच्याशी कळप, सोबत, स्वभाव असल्या शब्दांत बोलत राहिले.

गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता, पहिले ढग येऊन नुसताच उकाडा वाढला होता तेव्हाची सकाळ तुम्हाला आठवत असेल. मी ट्रे घासत होते. तुम्ही खुर्चीवरून म्हणालात, "माश्या काऊन येऊन राह्यल्या? मांगं पाह्य तिच्या." मी म्हणाले, काल पाहिलं होतं. "काल नाई. आता पाह्य." सरकीच्या शेपटीखालचे केस ओले होते आणि त्यात तांदळाच्या कणीसारखी अंडी चिकटली होती. एक-दोन जागी वळवळही. तिला धरू की साफ करू कळेना. तेव्हा तुम्ही उठलात, दोन पावलं पुढे आलात आणि थांबलात.

"मी धरू का?"

तुमच्या पिंजऱ्याशी, तुमच्या सशाला हात लावायची तुम्ही मला परवानगी विचारलीत.

मी म्हणाले, "धरा न, मामाजी."

तुम्ही खाली बसलात, तिचं डोकं तुमच्या कोपरात घेतलंत, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. ती लगेच शांत झाली. कापूस ढिला पडला होता तशी नाही. नाक हलत होतं, कान फिरत होते. तो फरक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी चिमट्यानं एकेक काढलं, केस कातरले, मिठाच्या कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसलं, कोरडं केलं. मग डॉक्टरांकडे नेली. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर वाचली नसती. ती तुमच्यामुळे वाचली. परत आल्यावर मी तुम्हाला म्हणाले, आता तुम्हीच करा, तुमच्या हाताला ती ओळखते. तुम्ही खुर्चीवर जाऊन बसलात. "नाई, तूच कर. मी पाह्यतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यापेक्षा चांगली वेळ नव्हती. मी चहा ठेवायला आत गेले.

इथवर लिहून तीन दिवस मी कागद बाजूला ठेवला होता. आज सकाळी सुधीर आणि आत्याबाई पडवीत बसले असताना मी सांगितलं. कापसाला मी धुतलं होतं. माठाच्या पाण्यानं. घरी कोणीच नव्हतं.

सुधीर आधी हसला, मग चिडला. "मंग आता काऊन सांगून राह्यली? दोन साल झाले. बाबा गेले."

"म्हणूनच."

"म्हणूनच म्हंजे काय? म्या चारचौघांत ते सांगत बसलो, तू ट्रे घेऊन उभी!"

आत्याबाई चवळीच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी एक शेंग मोडली, दुसरी मोडली. मग म्हणाल्या, "दोन उन्हाळे यायनं डांगर तोंडात नाई घातलं. माहीत आहे का तुले?"

मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, साखर वाढली म्हणून सोडलं.

"मले बी तसंच वाटलं. म्या इचारलं, तं म्हने, मन होत नाई." त्यांनी टोपलं बाजूला सरकवलं. "ज्या मानसानं अख्खी जिंदगी डांगराच्या बिया बी फेकू नाई देल्ल्या, त्याचं मन होत नाई म्हने!"

मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी समजूत घातली असती, आणि ती मला नको होती.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "फोन आन."

"कोणाला करायचा?"

"ज्यायनं ज्यायनं ती गोष्ट आयकली, त्यायले. यायच्या नावानं काऊन फिरावं ते? पयले दिनेशले लाव. तोच सगळीकडं सांगते."

सुधीर म्हणाला, "आई, राहू दे न. सश्याची गोष्ट होय."

"तुह्या बापाची होय," आत्याबाई म्हणाल्या.

मी फोन लावला. आवाज मोठा करून त्यांनी तो मांडीवर ठेवला. मी दिनेशला सांगितलं. त्याला आधी कळेचना, मग म्हणाला, "वहिनी, तुमी सकाळी सकाळी जबानी काऊन देऊन राह्यल्या?" आत्याबाई मधेच बोलल्या, "जबानी समज. लिवून घे. तुह्या काकानं ससा नाई मारला." तो हळू आवाजात म्हणाला, "बरं केलं काकू सांगतलं. म्या काल ऑफिसात बी सांगतली ती गोष्ट. आज दुरुस्त करतो."

मग नागभीडला बहिणीला. वरोऱ्याला सुधीरच्या आत्यांना. कॉलनीतल्या तिघांना. कानपूरला त्या शेजाऱ्यांना, ज्यांचा कापूस मुळात होता. त्या बाई म्हणाल्या की त्यांच्याकडूनही एकदा असंच झालं होतं, आधीच्या सशाचं. दर वेळी मला पहिलं वाक्य तेच म्हणावं लागलं. चौथ्या फोननंतर ते साधं झालं. दुपारचं जेवण मागं पडलं. सुधीर मधेच उठून गेला आणि परत येऊन बसला. शेवटचे दोन फोन त्यानंच लावून दिले.

दुसरा ससा आणायचं आत्याबाईंनीच काढलं. मी म्हणाले, या उन्हात बसमधून आणता येणार नाही, पाऊस पडून हवा उतरली की पाहू. त्यांना ते पटलं. आधी पंधरा दिवस दोन पिंजरे शेजारी ठेवावे लागतील, हेही सांगितलं. "ठेवू," त्या म्हणाल्या. "जागा आहे."

मग त्यांनी विचारलं, "झाले का सगळे?"

मी मनात नावं मोजली. "एक राहिले."

कोण ते त्यांनी विचारलं नाही. शेंगांचं टोपलं उचललं, उंबऱ्यापाशी थांबल्या.

"तुले बोलनं कधी जमलं नाई, वंदना. लिवनं जमते. त्यायले लिवून टाक."

"लिहूनच राहिले, आत्याबाई. चार दिवस झाले."

"मंग पुरं कर," त्या म्हणाल्या.